मुशीसारखी आई

आमच्या मासळीबाजारात बाईला सगळ्यात झोंबणारी शिवी कोणती, तर 'मुशीसारखी आई'. बाकीच्या शिव्या आम्ही चहाबरोबर घेतो. ही मात्र कुणी दिली की आधी भांडण उरकायचं आणि मग गिऱ्हाईक. मुशी म्हणजे टीव्हीवरच्या शार्कची धाकटी जात. दोन हात लांब, पाठ राखाडी, पोट पांढरं. तिचं पोट फाडलं की कधीकधी आतून अख्खी पिल्लं निघतात, डोळ्यांची, शेपट्यांची. मग माणसानं काय समजायचं? बया आपलीच पोरं गिळून बसलीय. मला माझ्या सासूनं हेच सांगितलं आणि तिला तिच्या सासूनं.

मी शालन. कसब्यात भोयांच्या बोळात राहते आणि एकतीस वर्षं बाजारात बसते. आम्ही भोई म्हणजे नदीची माणसं. सासऱ्यांनी मुठेत जाळं टाकून घर चालवलं. आता तिथं जाळं टाकलं तर प्लास्टिकच्या पिशव्या निघतात आणि त्यांचं कालवण होत नाही. म्हणून आम्ही समुद्राच्या मासळीवर आलो. ती कोकणातून ट्रकनं येते, बर्फात झोपून. मी समुद्र पाहिलेला नाही. हसू नका. दुकान असलेल्या बाईला सुट्टी नसते. पण हात नाकाशी नेला की समुद्र तिथंच असतो, साबणानंही जात नाही.

बाजारात माझं नाव आहे ते मुशीसाठी. बाळंतिणीला मुशीचं कालवण दिलं की दूध उतरतं, असं सगळे धरून चालतात. पेठेतल्या सासवा नव्या बापाला पेढे आणायच्या आधी माझ्याकडे पिटाळतात. मुशी गरम पाण्यात बुडवायची, कातडी घासून काढायची, तुकडे बेताचे करायचे. पोटातून पिल्लं निघाली तर तीही द्यायची, मऊ असतात म्हणून. अर्धी पेठ माझ्या मुशीवर वाढलीय, असं मी फुशारकीनं सांगायची.

आणि माघात माझ्याच घरात बाळंतपण आलं. लेक चैताली पहिल्या खेपेला माहेरी आलेली. मुलगी झाली, गोरीगोमटी. आणि चैतालीला दूध येईना.

पाचव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरनं बाळ काट्यावर ठेवलं. पावशेरानं उतरलं होतं.

"सारखं छातीशी धरा," सिस्टर म्हणाली. "असं आडवं नाही, असं, पोटाला पोट लावून. अजून पाच दिवस बघू. नाहीच वजन वाढलं तर डॉक्टर वरचं दूध लिहून देतील."

वरचं दूध. शालनच्या नातीला डब्यातलं दूध म्हणजे सगळा बाजार दात काढणार. खोटं कशाला बोलू, बाळाच्या आधी मला बाजारच आठवला. मग बाळाकडे पाहिलं. ते धड रडतही नव्हतं, नुसते ओठ हलवत होतं. तेव्हा मात्र बाजार विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मच्छिंद्रला गाठलं. तो आमचा ठोक व्यापारी. नाव मच्छिंद्र आणि धंदा मासळीचा, त्याच्या आईला आधीच कळलं असावं.

"मुशी पाहिजे. लेकीसाठी."

"आठवडा झाला वहिनी, टोपलीत मुशी नाही," तो म्हणाला. "आली तर ही एवढीएवढी येते. पूर्वी शेपट्या बाहेर लोंबायच्या. कुठं गेल्या कोण जाणे."

"जातील कुठं? समुद्र काय आटलाय?"

"तुम्ही बघितलाय का?"

"तोंड आवर. पहिली मुशी माझी."

"पहिली तुमची," तो म्हणाला.

मग तीन दिवस मी बांगडे साफ केले, पापलेटं साफ केली आणि प्रत्येक ट्रकच्या फळीकडे मान वळवून पाहिलं. बर्फ फोडून फोडून बोटं बधिर व्हायची. दुपारी रिकामी पिशवी घेऊन घरी.

घरात आतल्या खोलीत चैतालीची खाट. खिडकीला जुनी साडी बांधलेली, त्यातून उजेड हिरवट यायचा. शेगडीत ओवा आणि वावडिंग टाकलेलं. त्या धुरात खोली अशी मंद व्हायची की बाहेर तांबटांची ठोकठोक कुठून तरी लांबून, पाण्याखालून आल्यासारखी वाटायची. मी लेकीच्या पाठीला तेल लावत बसायची. बाळ छातीशी धरलेलं, चोखायचं, थकायचं, झोपायचं.

"मुशीची वाट बघतेयस ना?" चैतालीनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"रिकाम्या हातानं आलीस की तू पिशवी आपटतेस."

"उद्या येईल. मच्छिंद्रनं शब्द दिलाय."

"आई, मी मुशी खाणार नाही."

हे असं. पोरगी शिकलेली. कॉलेज झाल्यावर दोन वर्षं कुठल्याशा संस्थेसाठी ती आमच्याच बाजारात टेप घेऊन फिरली. मुशी दिसली की लांबी माप, नर की मादी बघ, वहीत लिही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कोळणींच्या पोरी मासळी विकतात, माझी मासळीचं माप घ्यायची. बाजार म्हणायचा, "शालन, तुझी लेक मुशीला झबलं शिवणार की काय?"

"का नाही खाणार?" मी विचारलं.

"दुधासाठी तिच्यात काही खास नाही. हळीव खाते, मेथी खाते, बाळाला सारखं घेते. येईल दूध. आणि मुशी संपत चालल्यात, आई. ती रोहूसारखी लाखानं अंडी घालत नाही. चार-पाच पिल्लं, तीही वर्षभर पोटात वाढवते. माणसासारखी."

"वाढवत नाही, गिळते."

"गिळत नाही गं."

"हे पुस्तकात असेल."

"मी मोजल्यात आई."

"तू मोजल्यास, मी कापल्यात. पोट कुणी जास्त उघडलं?"

ती हसली. मग धुरात डोळे मिटून बोलायला लागली, मला की बाळाला, कळेना. म्हणाली, पृथ्वीवर झाडं नव्हती तेव्हाही या जातीचे मासे होते.

"मग सावलीला कुठं बसायची?" मी विचारलं.

"बसतच नाही. तिला श्वासासाठी पोहत राहावं लागतं. झोपेतसुद्धा."

"म्हणजे तिलाही सुट्टी नाही."

"नाही. आणि वाळूत दडलेला मासा नुसता जिवंत असला ना, तरी तिच्या नाकाच्या टोकाला कळतं. तू तिच्या पाठीवरून हात फिरवलायस की."

हात तर मी हजारदा फिरवलाय. डोक्याकडून शेपटीकडे फिरवला तर रेशीम. उलटा फिरवला तर किसणी, तळवा सोलून निघतो. माझ्या तळव्यावरच्या रेषा मुशीनंच पुसल्यात. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, पण मासळीत मला सगळ्यात देखणी मुशीच वाटायची. सबंध अंगात कुठं एक कोपरा फुकट नाही.

तेल लावता लावता मला डुलकी लागली. आणि डोळ्यांपुढे आमचा बोळच पाण्यानं भरला. हिरवं, कोमट पाणी, तांबटांच्या हंड्यांवरून, विजेच्या तारांवरून वर चढलेलं. त्यात एक मुशी चालली होती, घाई नाही, थांबणं नाही. गणपतीच्या देवळाला वळसा घालून ती आमच्या खिडकीपाशी आली, साडीला नाक लावलं आणि पुढे गेली. मी दचकून जागी झाले तेव्हा हातात तेलाची वाटी तिरकी झाली होती आणि तेल माझ्याच मांडीवर. मला फार बरं वाटत होतं, का ते समजेना.

आठव्या दिवशी विहीणबाई आल्या, हडपसरहून रिक्षानं. विजयमालाताई. बाई स्वभावानं वाईट नाहीत, पण बोलणं असं की जखम दुसऱ्या दिवशी दिसते. बाळाचा हात उचलून बघितला, चिमटीत धरला.

"हाडं लागतात हो हाताला," म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, बाळंतीण मुशीवाल्या शालनबाईंच्या घरी आहे, आपल्याला काय चिंता. आमच्या सोसायटीतल्या दोघींना तुमच्याकडूनच मुशी नेली होती. त्यांच्या पोरांना उचलवत नाही आता."

"मुशी येतेय उद्या," मी म्हणाले.

"आली तरी मी खाणार नाही," चैताली खाटेवरून म्हणाली, शांतपणे, सासूच्या देखत.

विजयमालाताईंनी माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला. तेवढं पुरलं मला.

"लेकरू उपाशी मरतंय आणि तुला त्या माशाचा पुळका?" मी म्हणाले. "मुशीसारखी आई झालीस बघ."

बोलले आणि कळलं. पण शब्द बाहेर पडला होता. चैतालीनं बाळ छातीशी घट्ट धरलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिच्या पाठीला मीच सकाळी तेल लावलं होतं. ती पाठ हलत होती. विहीणबाईंना कढी प्यायला वाढली, त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत लेक माझ्याशी बोलली नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. आमच्यात माफी मागायची रीत नाही, आम्ही चहा करून देतो. चहा तसाच निवला.

नवव्या दिवशी सकाळी मच्छिंद्रनं लांबूनच हात हलवला. "वहिनी, आली."

मुशी होती. दोन हात भरून. कित्येक महिन्यांत एवढी पाहिली नव्हती. पोट फुगलेलं, डोळा अजून ओला. माझ्या मनात आलं, आता शिजवून पुढ्यात ठेवते, सुरमई म्हणून सांगते, आलं-लसूण बक्कळ टाकते, कळणारही नाही. होय, लेकीला फसवायचं ठरवलं होतं मी. तिच्याच बाळासाठी, असं स्वतःला सांगत होते.

इतर वेळी मी मुशी अशी कापते की बघणारा म्हणेल यंत्र आहे. सुरा खुपसायचा, ओढायचा, आत हात घालून सगळं एका हिसक्यात बादलीत. गर्दी उभी असते, पोटात डोकावायला वेळ कुणाला. पण आज लेकीचं होतं. मला तिचं काळीज न फाटता हवं होतं, बाळंतिणीला चांगलं म्हणून. म्हणून सुरा हलक्या हातानं, नुसतं टोक लावून चालवला. पोट दोन्ही बाजूंना उलगडलं.

आत पाच पिल्लं होती. एकाला एक लागून, डोकी एका दिशेला. एक उचललं तर ते सुटेना. त्याच्या छातीखालून एक दोरा निघाला होता, ओला, पिळाचा, आणि तो आत आईच्या अंगात गेला होता. ओढलं तर आतलं मांस हललं. दुसरं बघितलं, त्यालाही दोरा. पाचांनाही.

तीन दिवसांपूर्वी माझ्या नातीची नाळ गळाली होती. हळदीत बुडवून, फडक्यात गुंडाळून ती मी ट्रंकेत ठेवली होती. तो पिळ माझ्या बोटांना पाठ होता.

गिळलेल्या पोराला नाळ नसते.

"काय गं, हात का थांबला?" शेजारच्या पाटावरून शकूनं विचारलं. आम्ही दोघी एकाच वर्षी बाजारात आलो.

"शकू, इकडं ये. हे बघ."

तिनं वाकून पाहिलं. "आतडं असेल."

"आतडं दुसऱ्याच्या बेंबीला जातं का?"

शकूनं पुन्हा पाहिलं. मग मासळीच्या हातानंच पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. एकतीस वर्षं तिनंही हिसका मारूनच काढली होती ना पिल्लं. ते दोरे तुटत होते, बादलीत जात होते आणि आम्ही त्या बाईला आपली पोरं गिळणारी म्हणत होतो. ती वाढवत होती. आम्हीच गिळत होतो.

मी पाटाला धरून उभी राहिले.

मच्छिंद्र आला. "काय झालं? नको का? हॉटेलवाला उभा आहे बघा."

"मुशी ने," मी म्हणाले. ती मेलेलीच होती, मी काही सावित्री नव्हे परत आणायला. "पिल्लं राहू दे."

"पिल्लं तर लोक मागून नेतात, मऊ..."

"मच्छिंद्र."

तो बाजूला झाला. मी नाळा एकेक करून कापल्या, सुईणीनं कापाव्यात तशा, जपून. आणि कापायच्या आधी, का कोण जाणे, प्रत्येक पिल्लू वितीनं मोजलं.

यांना हाक मारली. हे म्हणजे सीताराम, आमचे मालक. पलीकडे खवले काढत बसलेले असतात, दिवसाला दहा शब्द बोलतात. फडक्यात बांधलेली पिल्लं पाहून त्यांनी हात धुतले आणि बरोबर निघाले. ऊन वर आलं होतं. आम्ही घाटाच्या पायऱ्या उतरलो. नदी म्हणजे काळपट एक धार, कडेला फेस. तरी पाण्यावर ऊन पडलं होतं आणि डोळे बारीक केले तर ती नदीच दिसत होती.

"बाबा पहिली गाभण मासळी सोडायचे," हे म्हणाले. "ज्येष्ठात. डोक्याला हळदकुंकू लावून. सुखानं मोकळी हो म्हणायचे."

"माहीत आहे मला. मी हळद न्यायची घाटावर."

"हिला कुणी सोडलं नाही."

"आपल्याला कुठं माहीत होतं?"

"चैतालीनं सांगितलं होतं," हे म्हणाले.

दहा शब्दांतले शब्द वाया घालवत नाही हा माणूस. मी खाली बसले आणि रडले, पायरीवर, सगळ्यांच्या देखत. मग आम्ही एकेक पिल्लू पाण्यात सोडलं. ती बुडाली नाहीत लगेच. पांढरी पोटं वर करून थोडा वेळ धारेबरोबर गेली, पाचही, एकामागून एक, जणू कुणाच्या तरी मागून चालली आहेत. पुलाच्या सावलीत गेली आणि दिसेनाशी झाली.

घरी गेले. पिशवी रिकामी होती, पण आपटली नाही. चैतालीनं मान वळवून पाहिलं.

"नाही आली मुशी?"

"आली होती." मी खाटेपाशी जमिनीवर बसले. "पोटुशी होती. नाळा होत्या, चैताली. पाचांनाही."

तिनं माझा हात धरला. हाताला वास होता, तरी धरला.

"तुला तीच जेवणात घालणार होते. सुरमई सांगून," मी म्हणाले. सगळं सांगायचं तर तेही सांगायला हवं होतं.

"मला वासावरून कळलं असतं."

"मग?"

"मग काय. ताट सरकवलं असतं." तिनं डोळे पुसले. थोड्या वेळानं म्हणाली, "केवढी होती पिल्लं?"

"वीत आणि चार बोटं. एक जरा लहान, वीत आणि दोन."

"तू मोजलीस?"

"तुझीच आई आहे ना."

तिनं मुशीच्या मापांची जुनी वही मागितली. दोन वर्षं तीत काही लिहिलेलं नव्हतं. बाळ एका हाताला, वही गुडघ्यावर, तिनं लिहिलं. मी सांगत गेले: मादी, दोन हात, पाच पिल्लं, नाळेसकट. मग मी त्यांना नदीत सोडल्याचं सांगितलं, तेव्हा ती हसायला लागली.

"आई, आपली नदी पूर्वेच्या समुद्राला जाते. ती पश्चिमेची होती."

"समुद्रात काय पेठा आहेत? जातील विचारत विचारत."

ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाळ चोखत होतं. आणि मला आवाज ऐकू आला. गटक्. मग थांबून पुन्हा गटक्. बाळ नुसतं चोखतं तेव्हा असा आवाज होत नाही. घोट उतरतो तेव्हाच होतो. मी चैतालीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. दोघी हललो नाही. बाहेर तांबट ठोकत होते, शेगडीचा धूर साडीच्या हिरव्या उजेडात तरंगत होता आणि ते एवढंसं पोर घोट घेत होतं. दूध हळिवानं आलं, सिस्टरनं शिकवलेल्या बैठकीनं आलं की रडण्यानं, मला विचारू नका. दहाव्या दिवशी काट्यावर बाळ पाच तोळे वाढलेलं निघालं, एवढं खरं.

बाराव्या दिवशी बारसं केलं. पेठेतल्या बाया आल्या, बाजारातल्या आल्या, विजयमालाताई सोन्याचे मणी घेऊन आल्या. पाळण्याला झेंडू बांधला होता. घुगऱ्या वाटताना शेजारची मंदाकिनी म्हणाली, "शालनताई, माझी सून पुढच्या महिन्यात मोकळी होईल. तेवढी मुशी सांगून ठेवते हं आत्ताच."

"हळीव सांगून ठेव," मी म्हणाले.

"का? मुशी नाही?"

"आहे की. समुद्रात आहे."

मंदाकिनीला वाटलं मी नेहमीसारखी तिरकं बोलतेय. शकू मात्र पुढे झाली आणि नाळेची गोष्ट तिनं मंदाकिनीला सांगितली, हातवारे करून, माझ्यापेक्षा चांगली. बाया ऐकत राहिल्या. कुणी 'इश्श' म्हटलं नाही.

विजयमालाताईंनी बाळाचा हात पुन्हा चिमटीत धरून बघितला. "आता बरा लागतो हाताला," म्हणाल्या. "शेवटी मुशी दिलीतच वाटतं?"

"नाही दिली. तिनं घेतलीच नाही," मी म्हणाले. आणि सगळ्या बाजाराच्या, सगळ्या पेठेच्या देखत, पाळण्याच्या दोरीला हात लावून म्हणाले, "मुशीसारखी आई आहे माझी लेक."

विहीणबाईंचा हात तसाच राहिला. चैतालीनं वर पाहिलं आणि चार दिवसांपूर्वी भिंतीकडे वळलेलं ते तोंड उजळलं. मी पाळण्याला झोका दिला. बाळ झोपेतही ओठ हलवत होतं, थांबत नव्हतं.